कोरा डोळा

त्या संग्रहालयातल्या बिबट्याचा उजवा डोळा म्हणजे सोड्याच्या बाटलीतली गोटी होती. मूळचा काचेचा डोळा कधीतरी निखळला, कपाटाखाली गेला आणि केराबरोबर बाहेर पडला. मग गुंडा शिपायानं स्टँडजवळच्या सोडावाल्याकडून गोटी मागून आणली आणि लाखेनं बसवली. तेव्हापासून बिबट्या डाव्या डोळ्यानं रागावलेला आणि उजव्या डोळ्यानं लग्नाला आल्यासारखा दिसे. सुलाबाईंनी त्याचा तक्ता काढला तेव्हा गोटी गोटीसारखीच काढली.

“आवं बाई, निदान चित्रात तरी दोन्ही डोळं सारखं करायचं,” गुंडा म्हणाला. “माझी अब्रू भिंतीवर टांगली की तुमी.”

“दिसतं ते काढायचं,” सुलाबाई म्हणाल्या. “उद्या तू तिसरा बसवलास तर तिसराही काढीन.”

सांगलीच्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या वरच्या मजल्यावर हे संग्रहालय होतं. संस्थानच्या काळातल्या कुणा शौकीन डॉक्टरानं जमवलेले प्राणी त्याच्या मागे कॉलेजला मिळाले होते. पेंढा भरलेला बिबट्या, तरस, उदमांजर, कृष्णेतली एक मगर, झुरळांनी पिसं कुरतडलेला माळढोक. आणि भिंतीला लागून बरण्याच बरण्या. बरण्यांत फॉर्मॅलिन, फॉर्मॅलिनमध्ये साप, सरडे, बेडूक, वटवाघळं. दार उघडलं की डांबरगोळ्यांचा आणि फॉर्मॅलिनचा वास एकदम नाकात शिरायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं. नव्याने आलेली मुलं रुमाल धरत. सुलाबाईंच्या डोळ्यांतून मात्र आता पाणी येत नसे.

त्या काळी छापील तक्ते मुंबईहून मागवावे लागत आणि त्यांत पुष्कळदा परदेशातले प्राणी असत. म्हणून कॉलेजनं चित्रकलेच्या शिक्षिका असलेल्या सुलाबाईंना शाळेतून इकडे घेतलं होतं. त्यांनी समोरचा प्राणी बघायचा, मोठ्या कागदावर काढायचा, मागे कापड चिकटवून वर-खाली दांड्या लावायच्या, आणि तो तक्ता वर्गात जायचा. बरणीतल्या प्राण्याचं चित्र बरणीतून बघून काढता येत नाही. गोल काचेतून आणि पाण्यातून बेडूकसुद्धा फुगलेला, वाकडा दिसतो. म्हणून त्या चिमट्यानं प्राणी बाहेर काढून पांढऱ्या एनॅमलच्या ताटात मांडत, सुकू नये म्हणून वरचेवर ओल्या कापसानं पुसत, आणि खिडकीपाशी बसून काढत. सावली पेन्सिलीनं घासायची नाही. बारीक टाकानं एकेक ठिपका देत अंगाचा उठाव आणायचा, अशी या शास्त्रातली रीत. ठिपके देता देता दुपार निघून जाई. गुंडा चहा ठेवून जाई, दोन वाक्यं बोले, आणि पुष्कळ दिवस तीच दोन वाक्यं सुलाबाईंच्या कानावर पडलेली दिवसभरातली शेवटची वाक्यं असत. काहींना वाटे, बाई त्या प्राण्यांशी बोलत असतील. तसली खोड त्यांना नव्हती. मेलेल्याला मेलेलंच म्हणायचं हे त्यांनी पहिल्या तक्त्यापासून ठरवलं होतं. फॉर्मॅलिननं सापाच्या अंगाचा रंग उतरलेला असला तर चित्रातही उतरलेला. डोळा उकडलेल्या माशासारखा पांढरा पडलेला असला तर चित्रातही पांढरा.

एका नागाच्या बाबतीत मात्र हे जमेना.

हा नाग कृष्णेकाठच्या उसात कुणीतरी मारलेला होता. सगळ्या संग्रहालयात गावाला ठाऊक असलेला तोच एक. नागपंचमीच्या दिवशी गारुडी झाडून सगळे शिराळ्याच्या नागांच्या जत्रेला जात, आणि आसपासच्या आळीतल्या बायकांना पूजेला नाग मिळत नसे. मग कधीतरी कुणाला तरी ही बरणी आठवली. त्या दिवशी कॉलेजला सुटी असली तरी गुंडा मागचं दार उघडून द्यायचा आणि बायका जिना चढून यायच्या. बरणीच्या काचेला हळदकुंकू लागायचं, पुढे लाह्या आणि दुधाची वाटी. विभागाचे प्रमुख बोडस सर पहिल्या वर्षी फार चिडले. हा प्राणिशास्त्र विभाग आहे, देऊळ नव्हे, असं त्यांनी गुंडाला सुनावलं. पुढच्या वर्षी बायकांच्या रांगेत त्यांची आईच उभी राहिलेली दिसली, तेव्हा ते खाली मान घालून प्रयोगशाळेत निघून गेले. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं काचेवरचं कुंकू पुसायचं काम सुलाबाई स्वतःकडे घेत.

पंच्याहत्तर साली साताऱ्याला विज्ञान प्रदर्शन भरायचं होतं आणि तिथे कॉलेजचे तक्ते जायचे होते. बोडस सरांनी विषारी सापांचा संच मागितला. घोणस झाली, मण्यार झाली, फुरसं झालं. नागही झाला, फणा, फण्यामागचा दहाचा आकडा, पोटावरच्या आडव्या पट्ट्या, सगळं झालं. फक्त डोळ्याच्या जागी कोरा गोल राहिला. आषाढ संपला, श्रावण लागला, तरी तो कोराच.

“सुलाबाई, एका ठिपक्याचं काम आहे,” बोडस सर म्हणाले. “आणि तो काळाच करा बरं का. मुलांना जिवंत नागाचा डोळा कळायला हवा.”

“करते, सर.”

“कधी? पंचमीनंतर टेंपो निघणार साताऱ्याला.”

“पंचमीच्या आत करते.”

सरांना वाटलं, बाईंना काळा रंग मनासारखा मिळत नसेल. त्यांनी नवी बाटली आणून टेबलावर ठेवली.

सुलाबाईंचं माहेर पलूसजवळच्या एका गावात. वडील सयाजीराव, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांचा ऊस. घरातला एक तरी माणूस पलटणीत असायचाच असा त्या घराचा शिरस्ता. सुलाबाईंचं लग्न लवकर झालं आणि नवरा लग्नानंतर दुसऱ्याच पावसाळ्यात तापानं गेला. सासरच्यांनी त्यांना परत पाठवलं तेव्हा आणायला धाकटा भाऊ गेला होता, हंबीर. त्याला मिसरूडही फुटलेलं नव्हतं. तोच पुढे आबांशी भांडला की आक्का चित्रं काढते तर तिला साताऱ्याला चित्रकलेच्या वर्गाला घाला. लहानपणी तो सरडे धरून आणायचा आणि तिचं चित्र होईपर्यंत दोन बोटांत धरून बसायचा. सरडा मान हलवायचा, हंबीर त्याला दम द्यायचा, “गप ऱ्हा रं, आक्का तुला काढतीया.”

त्यांच्या घरात पंचमीची एक रीत होती. आदल्या दिवशी, चतुर्थीला, बहिणीनं भावाचा उपास करायचा. पंचमीला सकाळी तिनं भिंतीवर गेरूनं नाग काढायचा, पण नागाचा डोळा तिनं भरायचा नाही. तो भावानं भरायचा, अंगठ्याला काजळ लावून. हंबीरचा अंगठा मोठा. नागाच्या नाजूक तोंडावर तो असा ठप्पकन डोळा उठवायचा की नाग बैलासारखा दिसायचा. दरवर्षी सुला चिडायची आणि दरवर्षी तो म्हणायचा, “बघाया लागतंय त्याला लांबचं.”

तो पलटणीत गेल्यावर पंचमीला घरी नसायचा. मग नाग भिंतीवर आंधळाच राही आणि हंबीर सुट्टीवर आला की पिशवी खाली ठेवायच्या आधी डोळा भरी. सुलाबाई सांगलीला खोली घेऊन राहायला लागल्या, तरी तो गावी जाताना मध्ये सांगलीला उतरे तो याच कामाला.

एकाहत्तर सालच्या दिवाळीआधी तो आला तेव्हा सांगलीला उतरायला जमलं नाही, आणि सुट्टी अर्धवट टाकून तो परत निघाला. सुलाबाई तेव्हा शाळेतच होत्या; त्या चित्रकलेच्या परीक्षेला मुली घेऊन साताऱ्याला गेल्या होत्या. तिथल्या स्टँडवर दोन गाड्यांच्या मधल्या वेळात दोघांची गाठ पडली. मुली फलाटावर कलकलाट करत होत्या, गाडीचा वाहक घंटा मारत होता.

“औंदाचा डोळा कोराच हाय न्हवं?” हंबीरनं पायरीवर उभं राहून विचारलं.

“कोण भरणार? कोराच हाय.”

“ऱ्हाऊ दे. आलो की भरतो.”

डिसेंबरात लढाई झाली. हंबीर बेपत्ता असल्याची तार आली. कैदी सुटून आले त्यांच्यात तो नव्हता. पुढे पलटणीनं कळवलं की तो मेला असं समजावं. आबांनी ते समजलं नाही. त्यांचं म्हणणं, मेला असं कुणी पाहिलं का? पाहिलं नाही, मग समजायचं कशाच्या जिवावर?

आणि सुलाबाईंनी उपास सोडला नाही. उपास मेलेल्या भावासाठी करत नाहीत. शेजारच्या खोलीत राहणारी घरमालकीण शालूबाई हिला भाऊच नव्हता; ती पंचमीला नागालाच भाऊ म्हणायची आणि उपासाच्या भानगडीत पडायची नाही. लढाईनंतरच्या पहिल्या श्रावणात तिनं दबकत विचारलं, “औंदा करतीस काय गं उपास?” सुलाबाई म्हणाल्या, “करते.” पुढच्या वर्षी तिनं विचारलं नाही. खोलीतल्या भिंतीवर गेरूचा आंधळा नाग दिवाळीच्या चुन्यात बुजायचा, श्रावणात पुन्हा यायचा.

पंच्याहत्तरची चतुर्थी उजाडली. पंचमीला पात्यानं काहीही कापायचं नाही, त्यात पेन्सिलीला टोकसुद्धा करायचं नाही, असं सुलाबाई पाळत. म्हणून सकाळीच संग्रहालयात येऊन त्या सगळ्या पेन्सिलींना टोकं करत बसल्या. ताटात नाग मांडलेला होता. समोर तक्ता, तक्त्यावर कोरा गोल.

“बाई, गावाकडची पावनी आलीया,” गुंडा दारातून म्हणाला.

त्याच्या मागे राही उभी होती, हंबीरची बायको. पायात धुळीच्या चपला, हातात कडीचा डबा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती आत आली आणि दोन्ही बाजूंच्या कपाटांकडे बघत मधोमध थांबली. आजवर ती इथे कधी आली नव्हती. सणासुदीला सुलाबाई गावी गेल्या की तेवढीच भेट.

“हे समदं मेलेलं?”

“समदं.”

“मग ह्यो का बघतुया माज्याकडं?”

“एकाच डोळ्यानं बघतोय. दुसरा गुंडाचा हाय,” सुलाबाई म्हणाल्या. राहीशी बोलताना त्यांच्या तोंडी नकळत गावाकडचं यायचं. “बस. आबा बरे हायत?”

“हायत.” राही स्टुलावर अर्धी टेकली. “खोलीवर गेलते. शालूबाई म्हनल्या, कॉलेजात गावतील. वन्सं, आज उपास हाय न्हवं तुमचा?”

“हाय की.”

राहीनं डबा टेबलावर ठेवला, कडी काढली. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. फॉर्मॅलिनच्या वासात भाकरीचा वास मिसळला आणि सुलाबाईंच्या पोटात एकदम कळ आली.

“मी जेवान आणलंय.”

“ठेव. उद्या खाईन.”

“उद्याचं न्हाई. आजचं हाय.”

सुलाबाईंनी हातातलं पातं मिटून ठेवलं. राहीच्या तोंडाकडे बघितलं. ती काही वेडंवाकडं बोलणारी बाई नव्हती; गावात कमी बोलणारी म्हणूनच तिची ख्याती होती.

“चतुर्थीला मला जेवायला सांगतीस?”

“व्हय.” राही पदराशी चाळा करत म्हणाली. “साताऱ्याला नर्सिंगचा वर्ग हाय. लढाईत गेलेल्यांच्या बायकांस्नी जागा ठेवल्यात. सरपंचांनी माझं नाव सांगितलंय. पण घरच्यांनी म्हनाया पायजे, की मानूस न्हाई म्हणून. मामंजी म्हनत न्हाईत. ते म्हनत्यात, सुली चतुर्थी धरतीया तवर हंबीर हाय. तिनं सोडली तर बघू.” ती थांबली. “म्हंजी माझं समदं तुमच्या पोटावर आलंय बघा.”

आबा असं म्हणतात हे सुलाबाईंना ठाऊक नव्हतं. गावी गेल्या की आबा एवढंच विचारत, केलास न्हवं उपास, आणि त्या केला म्हणत, आणि आबांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते बघायला त्या पुढच्या वर्षीही उपास करत.

“तुला तो नको झालाय,” त्या म्हणाल्या. बोलल्यावर त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला.

“नको कसा हुईल, वन्सं?” राही शांतपणे म्हणाली. “पर यस्टीतनं कुनी फौजी उतरला की मामंजी मला हाळी देत्यात. म्या पदर नीट करून फाट्यावर हुबी ऱ्हातीया. त्यो दुसऱ्याच गावचा निगतो. परवा एका फौज्यानंच इच्यारलं, कुनाची वाट बगताय? मला काय नाव घेता येतंय व्हय? नुसती हुबी ऱ्हायले. त्याला वाटलं, बाईचं डोकं फिरलंया.”

गुंडा चहा घेऊन आला, उघडा डबा बघितला, आणि चहा ठेवून लगेच परत गेला. चतुर्थी त्यालाही ठाऊक होती.

“आनि मला त्यांचं त्वांड आठवंना झालंय,” राही पुढे म्हणाली. “किती दिस नांदले मी त्यांच्यासंगं? एका सुट्टीला लगीन, दुसऱ्या सुट्टीला चार दिस, मग लढाई. लग्नातला फोटू होता, त्यो मामंजींनी देव्हाऱ्यात ठिवला. निरांजनाच्या धुरानं काळा पडलाय. तुमाला आठवतंय न्हवं?”

“आठवतं की.”

“मग काढून दावा. तुमी एवढं काढताय. एकदा बगू द्या मला.”

सुलाबाईंनी कागद ओढला. टोक केलेली पेन्सिल हातात होतीच. कान त्यांनी लगेच काढला, वरच्या पाळीत लहानपणीच्या भिकबाळीचं बुजलेलं भोक. मग मानेची रेघ, कपाळावर तिरका आलेला केसांचा झुबका. हात भराभर चालला. राही स्टुलावरून उठून जवळ आली. मग पेन्सिल नाकाच्या मुळाशी आली आणि थांबली. सुलाबाईंनी डोळे मिटले, उघडले. समोरच्या भिंतीकडे बघितलं. त्यांना साताऱ्याचा स्टँड दिसला, गाडीची पायरी दिसली, पायरीवरचे बूट, दांड्याला धरलेला हात, त्या हाताचा अंगठा नखासकट. वर, जिथे चेहरा असायला हवा, तिथे दुपारचं ऊन होतं. त्यांनी एक रेघ ओढली, खोडली. पुन्हा ओढली. आजवर त्यांनी हंबीरला समोर बसवून कधी काढलंच नव्हतं. समोर सरडा असायचा, हंबीर नुसता धरून बसायचा. आणि समोर नसलेलं काढायची त्यांच्या हाताला सवय नव्हती.

“डोळं ऱ्हायलं,” राही हळू म्हणाली.

“येत न्हाईत.”

राहीनं ताटातल्या नागाकडे बघितलं, मग भिंतीशी लावलेल्या तक्त्याकडे. तिला काय समजलं कुणास ठाऊक. तिनं फक्त चित्राचा कागद उचलून पालथा ठेवला, लहान मुलाचं अंथरूण सारखं करावं तसा.

खाली मैदानावर मुलांचा खेळ चालला होता, त्याचा आवाज वर येत होता. सुलाबाईंना आठवत होतं ते एवढंच, की लढाईनंतर तीन श्रावण आपण या दिवशी उपाशी राहिलो आणि उपाशी राहण्यात कुणीतरी सोबत असल्यासारखं होतं. संध्याकाळी खोलीवर गेलं, दिवा लावला, की त्या भुकेशी बोलल्यासारखं होई. वर्षातला तेवढा एक दिवस आपण कुणाचं तरी कोणीतरी होतो. उपास सुटला की तेही सुटणार. आबांना तरी राही असेल, राहीला साताऱ्यात चार जणी भेटतील.

मग त्या उठल्या. कोपऱ्यातल्या नळावर साबणानं हात धुतले. फॉर्मॅलिनचा वास जाईना म्हणून पुन्हा धुतले. टेबलावरचं नागाचं ताट उचलून पलीकडच्या खिडकीत नेऊन ठेवलं. स्टुलावर बसून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

राही पाठ फिरवून माळढोकाच्या कपाटापाशी जाऊन उभी राहिली. जेवणाऱ्या माणसाकडे बघू नये म्हणून असेल.

“मीठ कमी हाय भाजीला,” थोड्या वेळानं सुलाबाई म्हणाल्या.

“घाईत केली. मामंजी उठायच्या आत निगाया पायजे हुतं.” राही काचेकडेच तोंड ठेवून बोलत होती. “त्यास्नी काय सांगू?”

“सांग, सुली जेवली. चतुर्थीला, तुज्या हातचं. मी पौर्णिमेला येते. मला काय बोलायचं ते तवा बोलू देत.”

“लय बोलतील.”

“बोलू देत. तू तवर साताऱ्याला पोच.”

अर्धी भाकरी संपली. उरलेली राहीनं खाल्ली, उभ्याउभ्याच. डबा धुऊन झाल्यावर ती कपाळाला हात लावून घुटमळली.

“ह्याचं काय करू?”

सुलाबाईंनी तिच्या कुंकवाकडे बघितलं. “माझं पुसलं तवा मला कुणी इचारलं न्हवतं,” त्या म्हणाल्या. “तुला मी काय सांगू? तुज्या मनाला येईल तवा कर. न्हाई आलं तर न्हाई.”

राहीनं मान हलवली. जाताना ती वाकून त्यांच्या पाया पडली आणि दारातून बिबट्याकडे एकवार बघून जिना उतरली. तिच्या चपलांचा आवाज खाली पोचेपर्यंत सुलाबाई उभ्या होत्या.

मग त्यांनी नागाचं ताट परत टेबलावर आणलं. कापूस भिजवून नागाचं डोकं पुसलं. डोळा होता तसाच होता. पांढरा, मधोमध किंचित खोलगट, कडेला राखी रेघ. त्यांनी बारीक टाक घेतला आणि बोडस सरांनी आणलेली काळी बाटली बाजूला सरकवून पांढऱ्याभोवती राखी ठिपके द्यायला सुरुवात केली.

दुपारी सर आले तेव्हा नाग बरणीत परत गेला होता आणि शाई वाळत होती. “काळा करा म्हटलं होतं मी,” ते म्हणाले.

“हा मेलेला आहे, सर. खाली तसं लिहिलंय.”

सरांनी वाकून पाहिलं. ‘जतन केलेला नमुना’ असं सुलाबाईंच्या वळणदार अक्षरात होतंच. ते काही बोलणार होते. मग टेबलावर सांडलेले भाकरीचे कण त्यांना दिसले. त्यांनी एकदा बाईंकडे बघितलं आणि “ठीक आहे, गुंडाळा” एवढंच म्हणून गेले. तेही घरात आईची चतुर्थी बघत वाढले होते.

पंचमीला सकाळी शालूबाई लाह्यांचं ताट घेऊन दाराशी आली. “चल की कॉलेजात. गर्दी व्हायच्या आत बरणीपाशी जाऊ. गुंडानं दार उघडलं असंल.” मग तिनं सहज विचारावं तसं विचारलं, “काल राहीबाई आलती. बरं हाय न्हवं समदं?”

“बरं हाय,” सुलाबाई म्हणाल्या. “उपास सोडला मी.”

शालूबाई ताट दुसऱ्या हातात घ्यायला गेली. चार लाह्या उंबऱ्यावर पडल्या. ती वाकून वेचायला लागली आणि वेचता वेचता म्हणाली, “मग आता माज्यासारखंच की गं. नागालाच भाऊ म्हनायचं.”

“व्हय. तू हो पुढं. मी आलेच.”

ती जिना उतरून गेल्यावर सुलाबाईंनी गेरू कालवला. भिंतीवर नेहमीच्या जागी नाग काढला. वेटोळं, फणा, फण्यावरचा आकडा. हा मात्र त्यांनी कुठलंही ताट समोर न ठेवता काढला. डोळ्याची जागा आली तेव्हा हात खाली घेतला, आणि बऱ्याच वेळानं देवाजवळची काजळाची डबी आणली. काडीनं भरावा म्हणून काडी उचलली. ठेवून दिली. अंगठा काजळात बुडवला आणि भिंतीला टेकवला.

डोळा फार मोठा आला. नाग बैलासारखा दिसायला लागला. सुलाबाईंनी पुसायला फडकं उचललं, तसंच हातात धरलं, आणि अंगठा त्या फडक्याला पुसून पूजेला निघाल्या.